बारामती–इंदापूर परिसरातील ख्रिस्ती मदतकार्य आणि पाझर तलाव

बारामती–इंदापूर परिसरातील ख्रिस्ती मदतकार्य म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात विसाव्या शतकात चर्चशी संबंधित संस्थांनी केलेले शैक्षणिक, पुनर्वसनविषयक व दुष्काळनिवारणाचे कार्य होय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मजुरीच्या बदल्यात धान्य देऊन बांधण्यात आलेले पाझर तलाव हा या कार्याचा सर्वाधिक परिचित भाग आहे. मोफत धान्यवाटपाकडून कायमस्वरूपी साधननिर्मितीकडे झालेल्या स्थित्यंतराचे उदाहरण म्हणून महाराष्ट्राच्या ग्रामीण विकासाच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पाऊस कमी आणि अनियमित असून त्याचा मोठा भाग परतीच्या मोसमात पडतो. कऱ्हा नदी बारामती तालुक्यात सोनगावजवळ नीरेला मिळते, तर नीरा इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला आणि नीरा नदीलगतच्या पट्ट्यात ऊसशेती वाढली. कालव्याच्या वरच्या अंगाची, सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूची गावे मात्र जिरायतच राहिली. एकाच तालुक्यात बागायत आणि जिरायत असे दोन भिन्न भाग निर्माण झाले. कालव्याचे पाणी चढावर नेता येत नसल्यामुळे जिरायत भागाला ओढ्यानाल्यांत पाणी अडवणे हाच जवळचा उपाय होता.

मिशनकार्याचा आरंभ

या भागाला ख्रिस्ती मदतकार्य अपरिचित नव्हते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत पंडिता रमाबाई यांनी शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुली व स्त्रियांना आश्रय दिला होता. बारामती येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ क्राइस्ट या पंथाने केंद्र सुरू केले. हेन्री स्ट्रटन हे तेथील आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी होते. पुढे दौंड आणि श्रीगोंदा येथेही या मिशनचे काम विस्तारले.

ब्रिटिश सरकारने कायद्यान्वये ज्या समाजांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवले होते, त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यात वसाहती स्थापन केल्या. त्यांपैकी बारामतीच्या वसाहतीची व्यवस्था या मिशनकडे सोपवण्यात आली. अशा वसाहतींमध्ये शाळा व रोजगाराची सोय होती. तथापि रहिवाशांवर हजेरीची सक्ती आणि हालचालींवर निर्बंध होते. त्यामुळे हे कार्य सेवा आणि सरकारी नियंत्रण या दोहोंचे मिश्रण होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला व संबंधित समाज ‘विमुक्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मदतसंस्थांची रचना

फाळणीच्या काळात निर्वासितांच्या साहाय्यासाठी १९४७ मध्ये भारतातील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या मदतकार्याची जी यंत्रणा उभी राहिली, ती पुढे ‘चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल ॲक्शन’ अर्थात ‘कासा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परदेशातील चर्चसंस्थांकडून येणारे धान्य, तेल व कपडे कासामार्फत निरनिराळ्या प्रांतांत पोहोचत. अमेरिकेतील १९५४ च्या ‘पीएल ४८०’ कायद्यान्वये स्वयंसेवी संस्थांना देणगी म्हणून धान्य उपलब्ध होत असे.

प्रारंभी हे धान्य प्रामुख्याने मोफत वाटले जाई. वाटप संपले की दुष्काळग्रस्त कुटुंबाची स्थिती पूर्ववत होते, हा अनुभव वारंवार आल्याने ‘कामासाठी अन्न’ ही पद्धत पुढे आली. धान्य हे दान न राहता मजुरी ठरले आणि त्या मजुरीतून गावाच्या उपयोगाचे काम उभे राहू लागले.

पाझर तलावांची कामे

बारामती परिसरात कासाच्या धान्याच्या आधारे पाझर तलाव बांधण्याचा उपक्रम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेण्यात आला. १९६७ मध्ये बारामतीतून विधानसभेवर निवडून आलेले शरद पवार यांचा या कामात पुढाकार होता. १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, बारामती ही संस्था स्थापन झाली. अप्पासाहेब पवार यांनी तिच्या कार्याला दिशा दिली. जलसंधारणापासून सुरू झालेले हे काम पुढे ठिबक सिंचन, शेतीविस्तार आणि शिक्षण या क्षेत्रांत वाढले. १९९२ मध्ये या ट्रस्टअंतर्गत कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले.

पाझर तलाव हा सिंचनासाठी थेट पाणी सोडणारा तलाव नव्हे. ओढ्यावर मातीचा भराव घालून पावसाचे पाणी अडवले जाते व ते जमिनीत मुरू दिले जाते. भरावाखाली चर खोदून तो चिकण मातीने भरतात, म्हणजे पाणी भरावाखालून थेट निसटत नाही. जादा पाण्यासाठी बाजूला सांडवा ठेवतात, तर पाण्याकडील उतारावर दगडी अस्तर करतात. मुरलेले पाणी बेसाल्ट खडकाच्या झिजलेल्या थरांतून व भेगांतून खालच्या बाजूच्या विहिरींपर्यंत पोहोचते. माती खोदणे, वाहणे व दाबणे ही कामे मोठ्या प्रमाणात अंगमेहनतीची असल्याने ती दुष्काळी रोजगारास अनुकूल ठरली.

१९७२ चा दुष्काळ

१९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाखांवर गेली. रस्ते, खडी फोडणे, नालाबांध व पाझर तलाव ही कामे राज्यभर निघाली. मिलो ज्वारी आणि सुकडी हे या काळातील लोकस्मृतीतील शब्द आहेत. याच काळात राज्यव्यापी झालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला. स्वयंसेवी संस्थांकडून मिळणारी धान्यरूपी मजुरी ही उपलब्ध साठ्यावर अवलंबून होती. कायद्यानंतर मात्र काम मागणे हा ग्रामीण प्रौढांचा हक्क ठरला. हा या दोन व्यवस्थांमधील मूलभूत फरक होय.

मेनोनाइट कार्याशी साम्य व भेद

बारामतीचे मिशन मेनोनाइट पंथाचे नव्हते. परंतु त्याच्या मदतकार्याचा प्रवास मेनोनाइट संस्थांच्या प्रवासाशी मिळताजुळता आहे. सोळाव्या शतकातील मेनो सायमन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पंथ शस्त्र न उचलण्याच्या तत्त्वासाठी प्रसिद्ध आहे. भारतातील त्याचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांतील मदतीतून सुरू झाले आणि १८९९ मध्ये सध्याच्या छत्तीसगडमधील धमतरी येथे मिशनकेंद्र स्थापन झाले. १९२० मध्ये दक्षिण रशियातील उपासमारग्रस्तांसाठी स्थापन झालेली मेनोनाइट सेंट्रल कमिटी १९४० च्या दशकात बंगालमध्ये कार्यरत झाली. १९७६ मध्ये कॅनडात तिने सुरू केलेल्या धान्यकोशातून १९८३ मध्ये अनेक चर्चचा सहभाग असलेली कॅनेडियन फूडग्रेन्स बँक आकाराला आली.

दोन्ही ठिकाणी दुष्काळातील तातडीच्या मदतीतून विकासकार्य उभे राहिले. मेनोनाइट संस्थांनी मात्र मदत व विकास यांच्या जोडीला शांतताकार्य हे स्वतंत्र उद्दिष्ट मानले.

मूल्यमापन

पाझर तलावांमुळे लगतच्या विहिरींना पाणी टिकून राहण्यास मदत झाली. तथापि या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लाभ प्रामुख्याने तलावाच्या खालच्या बाजूस जमीन व विहीर असलेल्या शेतकऱ्यांना मिळतो. तलाव खोदणाऱ्या भूमिहीन मजुराला काम संपल्यावर त्या पाण्यात वाटा राहत नाही. तलावात दरवर्षी गाळ साचतो आणि तो न काढल्यास पाझर मंदावतो. उन्हाळ्यातील बाष्पीभवनामुळेही पाणी घटते. शिवाय भूजलाची वाढ होताच विहिरी, विंधन विहिरी आणि ऊस वाढल्यास मुरलेल्या पाण्यापेक्षा उपसा अधिक होतो.

परदेशी धान्यावरील अवलंबित्व आणि मदतीमागील धर्मप्रसाराच्या हेतूविषयीची शंका हे मुद्देही भारतातील मिशनकार्याबाबत उपस्थित झाले आहेत. हरितक्रांतीनंतर अन्नधान्याची आयात घटली, तसे परदेशी धान्यावर आधारलेल्या कामांचे महत्त्व कमी झाले. पाणी अडवण्याची गरज मात्र कायम राहिली. २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान व त्यानंतरची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना यांत जुन्या जलसाठ्यांची दुरुस्ती आणि गाळ काढणे यांचा समावेश आहे.

हे सुद्धा पहा

पाझर तलाव
नीरा डावा कालवा
महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ
रोजगार हमी योजना
विमुक्त जमाती