गणिताच्या गोळ्या आणि मास्तरांची वही

एका जागी बूड न टेकणारे, पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरणारे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारे आणि उत्तर अर्धे सोडून खिडकीबाहेर बघत बसणारे मूल प्रत्येक वर्गात एखादे तरी असते. अशा मुलासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: द्वाड, वांड, अवखळ, धांदरट, वेंधळे. यांतला एकही शब्द आजाराचे नाव नाही. अलीकडे मात्र लोणावळा, तळेगाव, वडगाव अशा मावळातल्या गावांतूनही एक नवे नाव कानावर येऊ लागले आहे: एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. पालक मुलाला पुण्याला दाखवून आणतात, हातात औषधाची चिठ्ठी असते आणि शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, पोर खोडकर आहे म्हणून त्याला काय गोळ्या चारायच्या? दुसरा म्हणतो, डॉक्टरांना कळते ते आपल्याला कळते का? आणि लोणावळ्यात तरी तिसरा पक्ष हमखास निघतो: कैवल्यधाम हाकेच्या अंतरावर असताना गोळ्या कशाला, प्राणायाम शिकवा.

या तिन्ही पक्षांची मुळे साधारण एकाच काळात, १९२० ते १९४० या वीस वर्षांत सापडतात. ती उकरून पाहिली तर वादाचा रोख थोडा बदलतो असे आम्हांला वाटते.

जवळच्यापासून सुरुवात करू. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेत काम केलेला हा माणूस मुळात शिक्षक होता. योगाचे गुण गाणारे त्या काळीही पुष्कळ होते; कुवलयानंदांचे वेगळेपण असे की ते मोजू लागले. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीच्या क्रियांचे क्ष-किरणांनी निरीक्षण केले, आतड्यातला दाब मोजला आणि नौलीच्या वेळी आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते हे दाखवले. १९२४ मध्येच त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो ही समजूत तेव्हाही होती आणि आजही शाळाशाळांतून सांगितली जाते. कुवलयानंदांनी श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजून पाहिला. त्या समजुतीला आधार मिळाला नाही. तेव्हा प्राणायामाचे महत्त्व तेथे शोधू नये, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आपल्याच श्रद्धेला मापाची पट्टी लावणारा हा माणूस आजच्या वादात कोणत्या बाजूला बसला असता, हे सांगणे सोपे नाही. त्याने आधी नोंदवही मागितली असती, एवढे मात्र खरे. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी शाळांसाठी सामुदायिक यौगिक व्यायामाचा क्रम बसवला आणि शिक्षकांना तो शिकवलाही.

त्याच दशकात, १९३७ साली, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. पुढे ही संस्था टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. भारतातले अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. या केंद्रांची पद्धत अशी की मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक या तिघांनी मिळून मूल पाहायचे. घरी काय चालले आहे, शाळेत काय चालले आहे, हे विचारल्यावाचून मुलाविषयी मत द्यायचे नाही.

आणि त्याच १९३७ मध्ये, आपल्यापासून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात गोळ्यांची गोष्ट सुरू झाली. तेथे एम्मा पेंडलटन ब्रॅडली यांच्या नावाने मुलांचे एक रुग्णालय होते. चार्ल्स ब्रॅडली हे तेथले डॉक्टर. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातले पाणी काढून तेथे हवा भरीत. त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. हे पाणी लवकर भरून यावे म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण रुग्णालयाच्या शाळेतले शिक्षक सांगू लागले की काही मुले एकाएकी अभ्यासाला बसू लागली आहेत. मग ब्रॅडलींनी ३० मुलांना आठवडाभर औषध दिले; त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा दिसली. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव दिले: गणिताच्या गोळ्या.

या प्रसंगातली एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत चटकन ओलांडली जाते. औषधाचा गुण डॉक्टरांना तपासणीच्या खोलीत दिसला नव्हता. तो शिक्षकांना वर्गात दिसला.

चंचल मुलांची वैद्यकीय दखल त्याआधीही घेतली गेली होती. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर तीन व्याख्याने दिली. त्यांच्या मते हा नैतिक संयमाचा दोष होता. म्हणजे डॉक्टरही ‘वांड’ याच शब्दाभोवती घुटमळत होते. औषध मिळाल्यावर आजाराला आकार येऊ लागला. उलट्या क्रमाने घडलेल्या या गोष्टीमुळे वादाचे अर्धे बीज पेरले गेले.

ब्रॅडलींचा शोध जवळजवळ पंचवीस वर्षे कोणी उचलला नाही. दरम्यान १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रिटा, त्यावरून औषध झाले रिटालिन. १९५०च्या दशकात ते बाजारात आले ते थकवा आणि मरगळ यांच्यासाठी; मुलांचे औषध म्हणून ते नंतर रुळले. त्याचे काम थोडक्यात असे: मेंदूतल्या पेशींच्या सांध्यात डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलीन ही रसायने सोडली जातात आणि पुन्हा आत ओढून घेतली जातात. हे औषध परत ओढण्याची क्रिया अडवते. त्यामुळे कपाळामागच्या, स्वतःला आवर घालणाऱ्या भागाला ती अधिक मिळतात. उत्तेजक औषधाने मूल शांत कसे होते, या कोड्याचे हे आजचे उत्तर. उत्तेजन मिळते ते गाडीच्या ब्रेकला.

औषधाचा गुण मोजायचा कसा, हा प्रश्न अमेरिकेत कीथ कॉनर्स यांनी सोडवला. १९६९ मध्ये त्यांनी ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती भरायची होती शिक्षकांनी. तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभर, आपल्याकडेही, वापरल्या जातात. पुण्याहून आलेला जो कागद आपण मधल्या सुट्टीत घाईघाईने भरून देतो, तो याच कुळातला.

मग वाद पेटला. जून १९७० मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने छापले की ओमाहा शहरातल्या ६२,००० शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तनासाठी औषधे दिली जात आहेत. सप्टेंबरमध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. तो आकडा सगळ्या मुलांचा नव्हताच, विशेष अडचणी असलेल्या मुलांपुरता होता हे पुढे उघड झाले. पण तोवर ‘शाळा मुलांना गुंगीत ठेवते’ ही भीती घराघरांत पोचली होती. १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारात मेथिलफेनिडेट नियंत्रित द्रव्यांत गेले. भारतातही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ते आहे. म्हणूनच ते दिसेल त्या दुकानात मिळत नाही आणि त्याची चिठ्ठी जपून ठेवावी लागते.

या सगळ्या गदारोळात १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा प्रयोग केला. कोणतीही तक्रार नसलेल्या १४ मुलग्यांना त्यांनी याच जातीच्या औषधाचा एकेक डोस दिला. तीही मुले शांत झाली, त्यांचेही लक्ष वाढले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग आहे. तोवर डॉक्टर आणि पालक दोघेही म्हणत, गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच. रॅपोपोर्ट यांनी ती वाट बंद केली. चष्मा लावून सर्वांनाच नीट दिसू लागले तर कोणाची दृष्टी अधू होती हे चष्मा सांगू शकत नाही.

म्हणून औषध निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले, चार गट, चौदा महिने. काळजीपूर्वक मात्रा ठरवून औषध दिलेल्या मुलांची चंचलता केवळ वर्तनोपचार दिलेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाली. मात्र तीन वर्षांनी गटांमधला फरक पुसला गेला होता आणि औषध सुरू केलेल्या मुलांची उंची सुमारे दोन सेंटिमीटरने मागे पडली होती. औषधाने भूक मरते, विशेषतः दुपारी. शाळेत दुपारची खिचडी हेच ज्या मुलाचे दिवसातले मोठे जेवण, त्याच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायचे नाकारले. म्हणजे वाद आपल्याच शिक्षकांच्या खोलीत अडलेला नाही.

प्राणायामवाल्या पक्षालाही तीच पट्टी लावायला हवी. २०१० मध्ये ध्यान आणि योगाच्या प्रयोगांचा कोक्रेन या संस्थेने आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारे चारच अभ्यास सापडले, मिळून ८३ व्यक्तींचे. दोन मंत्रध्यानाचे, दोन योगाचे. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. योगाने मुलांचे बरे होत असेल. सकाळी वीस मिनिटे आसने करून वर्ग शांत बसतो हे अनेक शिक्षक सांगतात. पण तो सगळाच वर्ग शांत बसतो. रॅपोपोर्ट यांच्या चौदा मुलांची आठवण येथेही ठेवावी लागेल. आणि योग करूनही ज्याचे हाल थांबत नाहीत त्या मुलाला औषधापासून दूर ठेवणे ही साधना नव्हे, हट्ट आहे.

मग आजार ठरतो कशावरून? रक्ताची चाचणी नाही, मेंदूच्या चित्रावरून निदान होत नाही. ठरतो तो घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या सांगण्यावरून. म्हणजे तापमापी आपणच आहोत. तिच्यात खोट असेल तर पुढचे सगळे चुकते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक निष्कर्ष छापला गेला. तेथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. एकाच वर्गातल्या जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांना हे निदान ३० टक्के अधिक आणि औषध ४१ टक्के अधिक मिळाले होते. मुलींमध्ये तर ही तफावत ७० आणि ७७ टक्के. मेंदूचा विकार कॅलेंडर पाहून होत नाही. वर्गातले सर्वांत लहान मूल थोरांच्या शेजारी बसले की पोरकट दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

मावळात या खोटीला आणखी फाटे आहेत. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातले मूल अर्धे वर्ष संपल्यावर परत येते, तेव्हा त्याचे लक्ष धड्यावर नसतेच. मधले धडे त्याने पाहिलेले नाहीत. पावसाळ्यात कान फुटलेले मूल मागच्या बाकावरून ऐकत नाही, आणि आपण लिहितो ‘लक्ष देत नाही’. रात्री उशिरापर्यंत ढाब्यावर किंवा चिक्कीच्या दुकानात हातभार लावणारे पोर सकाळी पेंगते, नाहीतर झोप उडवायला चुळबुळ करते. दुसरीकडे, खिडकीबाहेर बघत बसणारी शांत मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून तिच्या नावाने कागद कधी भरलाच जात नाही.

प्रश्नावली हाती आली की निदान पंधरा दिवस आधीपासूनची नोंद जवळ असावी: कोणत्या तासाला, जेवणाआधी की नंतर, आवडत्या कामातही तसेच होते का, किती मिनिटे. कान आणि डोळे तपासले का, तेही लिहावे. औषध सुरू झाले तर नोंद चालू ठेवावी आणि दुपारी पानात किती उरले हेही तीत यावे. आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुलाची जन्मतारीख ठळक लिहावी, तिच्याशेजारी वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलाचीही. पुण्याच्या डॉक्टरांना हा दुसरा आकडा दुसऱ्या कोठूनही कळायचा नाही.