नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत फरक एका मात्रेचा. पहिले काम बारशाला होते, दुसरे बारशाहून घरी परतताना. आपल्या उज्जैनच्या मराठी घरांत हल्ली ही दोन्ही कामे एकाच दिवशी उरकतात. नातवाचे नाव कियान किंवा रेयांश ठेवले की आजोबा विचारतात, हे कुठल्या देवाचे? सूनबाई म्हणतात, वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे हवे होते. वाचकहो, चाळीस वर्षे केसपेपरवर पहिल्या ओळीत नाव लिहीत आल्यामुळे मला दोघांचेही म्हणणे समजते. म्हणून कोणाची बाजू घेण्याआधी आपल्या नावांचा इतिहास एकदा नीट पाहू.

नावाचे नियम फार जुने आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात, व्याकरण का शिकावे हे सांगताना, मुलाच्या नावाचे उदाहरण घेतले आहे. नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोष वर्ण असावा, वरच्या तीन पिढ्यांना धरून असावे. गृह्यसूत्रांनी मुलीसाठी विषम अक्षरे सांगितली. मनुस्मृतीने मुलीचे नाव उच्चारायला सोपे, स्पष्ट अर्थाचे आणि मनाला आवडेल असे असावे असे म्हटले. पण त्याच ठिकाणी ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तुच्छतादर्शक असावे असेही लिहिले. म्हणजे मुलाला हवे ते चांगले नाव ठेवण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी कधीच नव्हती, हे आपण विसरता कामा नये.

पंचांगाने आणखी एक बंधन घातले. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ आद्याक्षरे. भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषा आपल्याच उज्जैनवरून जात असे, तेव्हा त्या अक्षरांवर आपला थोडा हक्कही सांगता येईल! पण हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’. या अक्षरांनी सुरू होणारे नाव कोण ठेवणार? त्यावर पूर्वजांनी सोपी तोड काढली. देवतानाम, मासनाम आणि नाक्षत्रनाम पत्रिकेत राहू दिले आणि हाक मारायला व्यावहारिक नाम वेगळे ठेवले. नाव जिभेवर बसले पाहिजे, हे शास्त्रालाही मान्य करावे लागले.

मराठे माळव्यात आले तेव्हा नावे आजोबांवरून चालत होती. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. पण सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही, मग त्याच नावाच्या मुलाला हाक कशी मारायची? त्यातून नाना, भाऊ, दादा, तात्या, आप्पा, अण्णा अशी घरगुती नावे रुजली. बाळाजी बाजीराव इतिहासात नानासाहेब म्हणून राहिले, सदाशिवराव भाऊ म्हणून, रघुनाथराव दादा म्हणून. नवऱ्याचे नाव तर बायकोने फक्त उखाण्यात घ्यायचे. आपल्या वाड्यांत अजूनही कितीतरी थोरांचे खरे नाव त्यांच्या तेराव्याच्या पत्रिकेतच पहिल्यांदा वाचायला मिळते.

आता एक गोष्ट वैद्यकाच्या अंगाने सांगतो. दगडू, धोंडू, केरू, उकिरड्या, भिकाजी ही नावे कोणाला हौसेने सुचत नव्हती. पाठोपाठ मुले दगावलेल्या घरात पुढचे मूल जगावे म्हणून त्याला कोणाची दृष्ट लागणार नाही असे नाव ठेवत. देवी, हगवण, धनुर्वात यांनी घरे रिकामी होत असत. लस आली, नळाचे पाणी आले, सुईणीच्या जागी दवाखाना आला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. ही नावे मागे पडण्याचे श्रेय आपण बदललेल्या आवडीला देतो, पण मोठा वाटा मूल जगण्याच्या खात्रीचा आहे. आज आई-बाप नऊ महिने सुंदर नाव शोधत बसू शकतात, ते या खात्रीच्या जोरावर. म्हणून त्या शोधाला मी तरी हसत नाही.

मुलींच्या बाबतीत एक कडू नाव अगदी अलीकडेपर्यंत टिकले: नकुशी, नकुसा. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली की हे नाव पडे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात सरकारी समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे बदलण्यात आली आणि त्यांना हवी ती नावे मिळाली. रोज शाळेच्या हजेरीत ‘नको असलेली’ या हाकेला ‘हजर’ म्हणायचे, याचा मुलीच्या मनावर काय परिणाम होत असेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

नव्या फॅशनची नावे आजचीच आहेत असा ज्यांचा समज आहे, त्यांनी आपल्या जुन्या दरबाराकडे पाहावे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी मुलीचे नाव मेरी कमलाराजे ठेवले आणि १९१६ साली जन्मलेल्या मुलाचे जॉर्ज जिवाजीराव. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून ही नावे आली होती. त्या काळी याहून वेगळे आणि रुबाबदार नाव दुसरे नसेल. पुढे काय झाले? उज्जैनच्या वेधशाळेला नाव आहे ते जिवाजीरावांचे, ग्वाल्हेरच्या विद्यापीठालाही जिवाजीचे. जॉर्ज कागदात राहिला. आणि स्वतः जिवाजीरावांनी १९४५ साली मुलगा झाल्यावर त्याचे नाव ठेवले माधवराव, म्हणजे आजोबांचे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या इंदूरचे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी दीनानाथ मंगेशकरांना मुलगी झाली, तिचे नाव हेमा ठेवले. पुढे गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. मंगेशकर हे आडनावही गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी घेतलेले. नाटकातले नाव मुलीला ठेवणे हे त्या काळच्या एखाद्या आजोबांना आजच्या मालिकेतल्या नावाइतकेच खटकले असते. मीना, आशा, उषा ही धाकट्या बहिणींची नावेही दोन अक्षरी. गृह्यसूत्राच्या विषम अक्षरांची आठवण कोणाला राहिली नव्हती. आज हीच नावे आपल्याला जुन्या वळणाची वाटतात.

यावरून दिसते ते असे की वेगळे नाव शोधणे ही प्रत्येक पिढीची रीतच आहे. आजोबांना आज जे सोज्ज्वळ वाटते, ते त्यांच्या आजोबांना नखरेल वाटले असणार. मग नव्याने बदलले काय? माझ्या मते खरा बदल मुलींच्या नावात झाला आहे आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते.

लग्नात ताटलीत तांदूळ पसरून अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ज्यांनी भारतीय स्त्रीसाठी पाश्चात्त्य वैद्यकाचे दार उघडले त्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुना. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये नायिका निवडली तीही यमूच. एका काळात घरोघरी यमुना होत्या आणि लग्नाच्या मांडवात त्यांचे नाव पुसले जात होते. आई-बापांनी कितीही हौसेने नाव ठेवले तरी ते आठ-दहा वर्षांपुरतेच असे. आज बहुतेक मुली माहेरचे नाव आयुष्यभर बाळगतात, पदवीवर आणि पासपोर्टवर तेच असते. मुलीचे नाव ठेवताना आई-बाप आता प्रथमच साऱ्या आयुष्याचे नाव ठेवत आहेत. ही जबाबदारी मोठी आहे.

कायद्यानेही ती वाढवली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नाव ठरले नसेल तर ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. पूर्वी शाळेत घालताना मास्तर नाव सुधारून घेत, ती सवलत आता गेली. तेव्हा घाई करू नका. नाव अर्थासह सुचवले गेले असेल तर तो अर्थ वामन शिवराम आपट्यांच्या कोशात पडताळून पाहा; मोबाइलवर सांगितलेले अनेक अर्थ तिथे भेटत नाहीत. गल्लीतल्या हिंदी आणि माळवी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून ते नाव एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा आपला क्रम सोडू नका. उज्जैनमध्ये वाढलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, तरी त्यांच्या हिंदी पुस्तकांवर हा मराठी क्रम तसाच राहिला. आता त्या क्रमात आईचेही नाव घालणारी घरे आहेत. मला ते आवडते.

आमच्या जैन घरांत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. त्यात भगवंतांच्या तीन नावांची हकीकत येते. गर्भात आल्यापासून घरात भरभराट झाली म्हणून आई-वडिलांनी वर्धमान नाव ठेवले. समभावामुळे श्रमण म्हटले गेले. आणि भये, उपसर्ग धीराने सोसल्यामुळे महावीर. घरचे एक नाव ठेवू शकतात, उरलेली ज्याची त्याने मिळवायची असतात. मराठीत त्याला ‘नाव काढणे’ म्हणतात.

आणि वाचकहो, ज्यांना कोणाकडेच नसलेले नाव हवे आहे त्यांना एक सुचवतो. गोपाळ मंदिर बांधणाऱ्या बायजाबाई शिंद्यांचे नाव उज्जैनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्या राणी होत्या. तुमच्या आजीचे, पणजीचे माहेरचे नाव घरात कोणाला ठाऊक आहे का? तीर्थपुरोहितांच्या वहीत आजोबा-पणजोबांची वंशावळ सापडेल. तांदळात पुसलेले नाव सापडणे कठीण. जी वडीलधारी माणसे अजून आहेत त्यांना या आठवड्यात विचारा आणि लिहून ठेवा. त्यात एखादे नाव असे निघेल की ऐकताक्षणी सूनबाई म्हणतील, हेच. आजोबांनाही मग नावे ठेवायला जागा उरणार नाही.