समुद्राचे आणि आमचे नाते

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस मोंथा वादळ आले तेव्हा नातीने पुण्याहून फोनवर विचारले, "आबाजी, समुद्र तिकडे किती लांब! मग तुमचं धान कसं काय भिजलं?"

प्रश्न सोपा वाटला, पण मी वर्गात चक्रीवादळे शिकवली तेव्हा हे कधी सांगितले नव्हते.

आमच्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. पुढे ती वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. मोंथा २८ ऑक्टोबरच्या रात्री नरसापूरजवळ जमिनीवर चढले. म्हणजे आमच्या नदीच्या मुखाशीच!

त्याच मुखाजवळ काकीनाड्याशेजारी कोरिंगा नावाचे भरभराटीचे बंदर होते. १७८९ च्या डिसेंबरात वादळी लाटांनी ते बुडवले. ते सावरले, तर नोव्हेंबर १८३९ मध्ये पुन्हा तसाच प्रलय आला. त्यानंतर बंदराला पूर्वीचे दिवस आले नाहीत. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने अशा वादळांच्या नोंदी जमवल्या आणि १८४८ च्या आपल्या पुस्तकात त्यांना 'सायक्लोन' म्हटले. मूळ ग्रीक शब्दात सापाच्या वेटोळ्याचा अर्थ आहे.

पावसाळा परतताना बंगालचा उपसागर अजून तापलेला असतो. त्या उष्ण पाण्याच्या वाफेवर वादळ पोसते. जमिनीवर आले की ही रसद तुटते आणि वारा काही तासांत मंदावतो. ढग मात्र पुढे चालत राहतात. किनाऱ्याच्या वाट्याला वारा आणि लाट, आमच्या वाट्याला उरलेला पाऊस. तो नेमका धान कापणीच्या दिवसांत येतो.

१९७७ चा नोव्हेंबर आठवतो. गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातच होतो. मी नवा मास्तर. बांधीत कापलेल्या कडपा पडल्या होत्या, पुंजणे घालायचे राहिले होते. पाऊस आला आणि कडपांना कोंब फुटले. बाबा दिवसभर आभाळाला शिव्या देत होते. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या. १९ तारखेच्या वादळात कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमेत गावेच्या गावे वाहून गेली होती. पुढे मृतांचा आकडा दहा हजारांवर गेला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "आपलं धानच गेलं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. पुढेही वर्षानुवर्षे 'चक्रीवादळाचा प्रदेश : पूर्व किनारा' या उत्तराला पूर्ण गुण देत राहिलो. तुमच्या बापाच्या कडपा भिजवणारा पाऊस त्याच वादळाचा आहे, हे समोरच्या पोरांना एकदाही सांगितले नाही. ही चूक पुस्तकाची नव्हे, माझी.

नातीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग तिकडच्या लोकांचं काय झालं यावेळी?"

धानाची चौकशी करायला फोन केला होता पोरीने. बाबांचीच पणती ती.