दार रुंद, वाट अरुंद

‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत अभंग कसे?’ असं मला वरचेवर विचारलं जातं. तरुणपणी मी चिडत असे. आता श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगतो.

चांद बोधले यांचे हे शिष्य. त्यांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. अल्ला आणि हरी त्यांना एकच, म्हणजे दार रुंद. पण आत शिरल्यावर सवलत नाही. ग्रंथाच्या नावातच युद्ध आहे, तेही स्वतःच्या विकारांशी. ढोंगी गुरूंची त्यांनी गय केली नाही.

श्रोतेहो, आपण उलट वागतो. दारावर पहारा बसवतो आणि आत मन मोकाट सोडतो. मी नमाज सोडला नाही, ओवीही सोडली नाही. राग सोडणं मात्र अजून जमत नाही.