डॉ. उप्लावित्सी कोण होते? संदर्भ देण्याच्या पद्धतीची कथा

१/१५
वैद्यकाच्या ग्रंथांत डॉ. ओ. उप्लावित्सी हे नाव सुमारे अर्धशतक वावरले. आमांशावर लिहिणारे संशोधक त्यांच्या १८८७ सालच्या निबंधाचा हवाला देत राहिले. लेखकाचे नाव, वर्ष, नियतकालिक, सारे जागच्या जागी होते. मात्र या नावाचा माणूस कधी जन्मलाच नव्हता.
#थ्रेड #इतिहास #संदर्भसूची

२/१५
१८८७ साली प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ यारोस्लाव ह्लावा यांनी एका चेक वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक होते ‘ओ उप्लावित्सी’. चेक भाषेत ‘ओ’ म्हणजे ‘विषयी’ आणि ‘उप्लावित्से’ म्हणजे आमांश. शीर्षकाचा साधा अर्थ: ‘आमांशाविषयी’.

३/१५
या निबंधाचा गोषवारा एका जर्मन नियतकालिकात छापून आला. तेथे शीर्षकच लेखकाच्या जागी जाऊन बसले. ‘ओ.’ हे आद्याक्षर झाले आणि ‘उप्लावित्सी’ हे आडनाव. चेक जाणणारे वाचक थोडे आणि मूळ अंक मिळणे कठीण. पुढच्या लेखकांनी गोषवाऱ्यावरून संदर्भ उतरवून घेतला, त्यांच्यानंतरच्यांनी त्यांच्यावरून.

४/१५
हा गुंता १९३८ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी जाहीरपणे सोडवला. लेव्हेनहूकची पत्रे मुळातून वाचता यावीत म्हणून डच शिकलेला हा गृहस्थ. ‘पॅरासायटॉलॉजी’ या नियतकालिकातील त्यांच्या टिपणाचे शीर्षक एखाद्या मृत्युलेखासारखे होते: डॉ. ओ. उप्लावित्सी (१८८७–१९३८).

५/१५
हा विनोद असला तरी त्यामागे एक अन्याय होता. निबंध ज्यांनी लिहिला ते ह्लावा १९२४ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या कामाचे श्रेय त्यांच्याच निबंधाच्या शीर्षकाच्या नावे जमा होत राहिले. संदर्भातील एक रकाना चुकला की काय घडते, याचे हे उदाहरण.

६/१५
शोधनिबंधाचे हस्तलिखित तयार करताना संदर्भसूचीचे काम सर्वांत कंटाळवाणे समजले जाते. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की शेवटी, नियतकालिकाचे नाव पूर्ण की संक्षिप्त? हे नियम कोणी आणि का केले, हे पाहिले की त्यांचा जाच नाहीसा होत नाही, पण त्यांचे कारण कळते.

७/१५
१६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. त्यानंतरही दोन शतकांहून अधिक काळ संदर्भ देण्याची एक रीत ठरली नव्हती. कोणी मजकुरातच ग्रंथाचे नाव घेई, कोणी तारका किंवा खंजिराचे चिन्ह घालून तळटीप देई. तळटिपेत किती तपशील द्यायचा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे.

८/१५
विद्वानांचे वर्तुळ लहान होते तोवर हे निभावले. एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढली. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या पुढाकाराने ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची निघू लागली, यावरूनच त्या पसाऱ्याची कल्पना येते. अर्धवट संदर्भावरून लेख हुडकणे दिवसेंदिवस अवघड होत गेले.

९/१५
१८८१ मध्ये हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बागेतील गोगलगायीच्या भ्रूणविकासावर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या १९४व्या पृष्ठावर कंसात लेखक आणि वर्ष देऊन केलेला निर्देश आढळतो. या पद्धतीचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील सूचीवरून मार्क यांना ही कल्पना सुचली असावी.

१०/१५
१९०३ मध्ये मार्क यांच्या १४० शिष्यांनी त्यांना गौरवग्रंथ अर्पण केला. प्राणिशास्त्रात संदर्भांची पूर्णता, अचूकता आणि एकसारखेपणा आणल्याचे श्रेय त्यात या निबंधाला दिलेले आहे. हीच पद्धत पुढे ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणून जगभर पसरली. तिच्या नावाची गोष्ट मात्र विलक्षण आहे.

११/१५
हे नाव कोठून आले, हे खुद्द हार्वर्डमध्येही ठाऊक नव्हते. कोणी इंग्रज पाहुणा तेथील ग्रंथालय पाहून प्रभावित झाला आणि मायदेशी परतल्यावर त्याने हे नाव रूढ केले, अशी एक पुष्टी नसलेली आख्यायिका १९४५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नोंदवली. मार्क यांच्यापर्यंतचा माग १९८८ मध्ये त्याच नियतकालिकात एली चेर्निन यांनी लावला. उगम सांगण्यासाठी जन्मलेल्या पद्धतीचा स्वतःचाच उगम हरवला होता.

१२/१५
दुसरी मोठी पद्धत संपादकांच्या बैठकीतून आली. टंकलेखन यंत्राच्या काळात एका नियतकालिकाने निबंध नाकारला की दुसऱ्याच्या नियमांनुसार संदर्भसूची पुन्हा टंकलिखित करावी लागे. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले. त्यांनी ठरवलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केला होता.

१३/१५
व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात फक्त क्रमांक येतो आणि सूचीही त्याच क्रमाने लागते. वाक्य मोकळे राहते, पण कोणाचे मत आणि कधीचे हे पाहायला शेवटचे पान उघडावे लागते. हार्वर्ड पद्धतीत ते जागीच कळते, पण कंसांची दाटी होते. शिवाय व्हँकुव्हरमध्ये मधेच एक संदर्भ वाढवला की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. आज हे काम संगणक करतो. पूर्वी ते हाताने करावे लागे.

१४/१५
तरीही साचा म्हणजे सत्यता नव्हे. एका प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या मार्गदर्शिकेत नमुन्यादाखल फान डर खेर आदींचा, २००० सालचा, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक काल्पनिक संदर्भ दिला होता. लायडन येथील संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांना हा ‘लेख’ खऱ्या निबंधांत उद्धृत झालेला आढळला. २०१७ मध्ये अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा असे उल्लेख सुमारे ४०० होते. त्यांतील बहुतेक परिषदांच्या निबंधांतले होते. अनेकांकडून नमुन्यातील ओळ पुसायचीच राहून गेली होती, असे दिसते.

१५/१५
२००० पासून ‘क्रॉसरेफ’मुळे लेखांना कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक मिळू लागले आणि लेख सापडणे सोपे झाले. दुसरीकडे, अस्तित्वात नसलेल्या लेखाचा बिनचूक दिसणारा संदर्भ आता संगणकही क्षणात रचून देतो. लेखक, वर्ष, शीर्षक, खंड, पृष्ठ हे रकाने वाचकाला मूळ लेखापर्यंत नेण्यासाठी आहेत. तो लेख खरोखर तेथे आहे का आणि त्यात तेच म्हटले आहे का, हे सूची पाठवण्याआधी लेखकानेच मूळ पान उघडून पाहायचे असते. ह्लावा यांच्या बाबतीत ते पाहून जाहीर व्हायला ५१ वर्षे लागली.
(समाप्त)