सही नाकारणारा अध्यक्ष

परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन देवालयांमुळे इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. या टापूतील मनुष्यास शीख समाज परका वाटण्याचे कारण नाही. पूर्वेस गोदातीरी नांदेड येथे 1708 साली गुरु गोविंदसिंगांनी देह ठेविला. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नर्सीस मान आहे, तो गाव 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे. आणि नामदेवांची पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आदराने समाविष्ट झालेली आहेत. धर्माचा हा ऋणानुबंध आपण जाणतो. परंतु स्वतंत्र भारताच्या संसदेत शिखांनी बजावलेल्या कामगिरीचा परिचय त्या मानाने थोडाच आहे. ती उणीव काही अंशी भरून निघावी, म्हणून सरदार हुकुमसिंग यांच्या चरित्राकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे योजिले आहे.

त्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1895 रोजी माँटगोमेरी येथे झाला. ते शहर आज साहिवाल या नावाने पाकिस्तानात आहे. अमृतसरच्या खालसा कॉलेजात पदवी व लाहोरास कायद्याची परीक्षा, असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. पुढे गावी वकिली करीत असता गुरुद्वारा-सुधारणेच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगिला. 1947 च्या फाळणीत घरदार मागे टाकून त्यांस फिरोजपुरास यावे लागले. कपुरथळा येथे काही काळ न्यायाधीशपद सांभाळल्यावर 1948 साली ते घटनासमितीचे सभासद झाले.

येथेच त्यांची खरी कसोटी लागली. धार्मिक अल्पसंख्याकांकरिता जागा राखून ठेवण्याची तरतूद 1949 साली गळाली. ज्यांनी फाळणीत आपले गाव गमावले, त्यांस हा विश्वासभंग वाटावा यात नवल नाही. नोव्हेंबर 1949 मधील आपल्या भाषणात हुकुमसिंगांनी ही निराशा स्पष्ट शब्दांत मांडिली, आणि तयार झालेल्या राज्यघटनेवर सही करण्याचे नाकारिले. अवघे सभागृह कृतार्थतेच्या भावनेने भारून गेले असता एकट्यादुकट्याने हात आखडून बसणे, यास लहानसहान धैर्य लागत नाही.

तथापि सही नाकारणे निराळे आणि सभागृह सोडणे निराळे. जी घटना त्यांस मान्य नव्हती, तिच्याच नियमांनी झालेली 1952 ची निवडणूक लढवून ते लोकसभेत आले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले गृहस्थ. फेब्रुवारी 1956 मध्ये त्यांचे निधन झाले. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार अध्यक्ष झाले, आणि रिकाम्या झालेल्या उपाध्यक्षपदी विरोधी बाकांवरील हुकुमसिंगांची निवड झाली. पुढे ते काँग्रेस पक्षात गेले. यास कोणी तडजोड म्हणेल, आणि तो आक्षेप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मनुष्याची पारख त्याने पद कसे मिळविले एवढ्यावरून न करता, ते कसे सांभाळिले यावरूनही करावयास हवी.

एप्रिल 1962 मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, आणि ऑगस्ट 1963 मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू-मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणिला. लोकसभेतील अशा प्रकारचा हा पहिलाच ठराव होय. चार दिवस चर्चा होऊन तो 62 विरुद्ध 347 मतांनी फेटाळला गेला. निकाल आरंभापासूनच ठरलेला होता. महत्त्व होते ते चर्चेस. हरणाऱ्या पक्षासही आपले म्हणणे पुरतेपणी मांडता आले, आणि त्या वेळी अध्यक्षाच्या आसनावर ज्याने स्वतः अल्पमताची व्यथा अनुभविली होती, असा मनुष्य होता.

दुसरी कसोटी याहून बिकट होती. 1965 साली पंजाबी भाषिक राज्याच्या प्रश्नावर संसदेची समिती नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद हुकुमसिंगांकडे आले. याच प्रश्नासाठी मंत्रिमंडळाची जी उपसमिती झाली, तीत यशवंतराव चव्हाण होते. मार्च 1966 मध्ये संसदीय समितीने पंजाबी भाषिक राज्याच्या बाजूने शिफारस केली आणि 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना झाली. स्वतःच्या समाजाने ज्या मागणीसाठी लढा दिला, तिचा निवाडा करावयास आपणच बसावे काय, हा प्रश्न कोणाही विचारी मनुष्यास पडेल. पण 1956 साली हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबईत, आणि 1960 साली महाराष्ट्रात आलेल्या मराठवाड्याने तरी भाषेच्या राज्याची मागणी केवळ जातीय म्हणून झिडकारू नये. मागणी करणारा कोण, यापेक्षा मागणीचे समर्थन कोणत्या तत्त्वावर होते, हे पाहणे न्यायाचे होय.

1967 ते 1972 या काळात ते राजस्थानचे राज्यपाल होते. 27 मे 1983 रोजी त्यांचे निधन झाले. घटनेवर त्यांची सही नाही. परंतु त्या घटनेखाली चाललेल्या लोकसभेच्या कारभारावर त्यांच्या हाताची खूण आहे. असंतुष्ट मनुष्यास सभागृहात जागा राहू दिली आणि त्यानेही ती सोडली नाही, तर दोघांचेही हित होते. आपल्या ग्रामसभांपासून साहित्यसंस्थांपर्यंत, ठरावास विरोध करणारा सभासद दिसताच त्यास बाहेरचा मानण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिच्या संदर्भात हे चरित्र वाचण्यासारखे आहे.