प्रातःप्रार्थना (ख्रिस्ती धर्म)

प्रातःप्रार्थना ही दिवसाच्या आरंभी केली जाणारी ख्रिस्ती उपासना आहे. मार्ककृत शुभवर्तमानानुसार (१:३५) येशूने पहाटे अंधार असतानाच एकांतात जाऊन प्रार्थना केली. रोमन कॅथलिक परंपरेतील सकाळच्या विहित प्रार्थनेत स्तोत्रे व जखऱ्याचे स्तुतिगीत म्हटले जाते. अँग्लिकन पंथाने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात या उपासनेचा क्रम ठरवून दिला. बाप्टिस्ट परंपरेत मात्र उत्स्फूर्त प्रार्थनेला प्राधान्य असते.

नागपूरशी संबंध

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन व बाप्टिस्ट या दोन्ही परंपरांचा समावेश होता. त्यामुळे ठरावीक पाठ आणि उत्स्फूर्त प्रार्थना या दोन्ही पद्धती एकाच मंडळीचा वारसा ठरल्या.